१२० वादक, एक खिंड आणि दक्षिण यानचा शेवट

चीनच्या इतिहासात इ.स. ३०४ ते ४३९ या काळाला 'सोळा राज्यांचा काळ' म्हणतात. उत्तरेत एक राज्य उभं राहायचं, पिढी-दोन पिढ्यांत कोसळायचं, त्याच्या तुकड्यांतून आणखी दोन निघायची. दक्षिण यान हा असाच एक तुकडा. आयुष्य ३९८ ते ४१०, राजे दोन, मुलूख आजच्या शांदोंग प्रांतातला, राजधानी ग्वांगगू, म्हणजे आताच्या छिंगचौ शहराजवळ. हे प्रकरण आहे दुसऱ्या राजाचं, मुरोंग चाओचं. सिंहासनावर बसला तेव्हा विशीत होता. मारला गेला तेव्हाही विशीतच.

त्याची गोष्ट सहसा एका दमात सांगून संपवतात. राजाला दरबारी संगीताची हौस, त्यासाठी त्याने शेजाऱ्याची माणसं पळवली, शेजारी चालून आला, राज्य गेलं. यात खोटं काही नाही. पण एवढ्यावर फाइल बंद केली तर मधला एक निर्णय नजरेआड होतो. ४०७ मध्ये चाओने एक अवघड सौदा केला होता, आणि तो सौदा योग्य होता. पुढे त्याला त्या सौद्याची किंमत सोसवेना. माझ्या मते राज्य बुडालं ते तिथे.

सोन्याची सुरी

मुरोंग हे श्येनपेई वंशाचं घराणं. त्यांचं जुनं यान राज्य ३७० मध्ये पूर्वकालीन छिनच्या फू ज्येनने जिंकलं आणि घराण्यातली माणसं त्याच्याच चाकरीला लागली. चाओचे वडील मुरोंग ना दूर पश्चिमेला झांगये इथे आई आणि भाऊ मुरोंग दे यांच्यासह राहत होते. ३८३ मध्ये फू ज्येन दक्षिणेवर चालून निघाला, तेव्हा दे त्याच्या सैन्यातून गेला आणि जाताना आईजवळ एक सोन्याची सुरी ठेवून गेला. फेई नदीवर ती मोहीम फसली. मुरोंगांनी उठाव केला. त्याचा सूड झांगयेच्या अधिकाऱ्याने मागे राहिलेल्यांवर उगवला: ना आणि देची मुलं, सगळ्यांना मारलं. म्हातारी वयामुळे वाचली. नाची बायको दुआन गरोदर होती, म्हणून तिला बाळंतपण होईपर्यंत कोठडीत ठेवलं.

त्या तुरुंगावरचा अंमलदार हुयान पिंग. कधीकाळी तो देच्या हाताखाली होता, मरणाच्या शिक्षेतून देने त्याला सोडवलं होतं. त्याने ते उपकार फेडले. सासू-सुनेला घेऊन तो छ्यांग लोकांच्या मुलखात पळाला, आणि तिथे चाओ जन्मला.

पोरगा दहा वर्षांचा असताना आजी गेली. जाण्याआधी तिने सुरी त्याच्या हाती दिली: कधी पूर्वेला जाता आलं तर ही काकाला परत कर. मग हुयान पिंग मायलेकांना घेऊन ल्यांगच्या राज्यात आला, ते राज्य ४०३ मध्ये उत्तरकालीन छिनचा राजा याओ शिंग याला शरण गेलं आणि तिथल्या लोकांबरोबर ही मंडळीही छिनच्या राजधानीत, चांगआनला नेली गेली. हुयान पिंग वारला. 'आपण जिवंत आहोत ते त्याच्यामुळे' म्हणून आईने त्याच्या मुलीशी चाओचं लग्न लावलं.

चांगआनमध्ये मुरोंग घराण्याचा वारस म्हणून ओळख पटणं धोक्याचं होतं. चाओने वेड पांघरलं आणि रस्त्यावर भीक मागू लागला. याओ शिंगच्या एका नातलगाला संशय आला, त्याने राजाला सांगितलं, राजाने बोलावून विचारपूस केली. चाओ काही प्रश्नांना भलतीच उत्तरं द्यायचा, काहींना देतच नसे. उंचापुरा, देखणा जवान होता तो. याओ शिंग म्हणाला, देखण्या कातडीखाली खुळी हाडं नसतात म्हणतात, ते खोटं दिसतंय. आणि सोडून दिलं. (जाता जाता: त्याच वर्षांत त्याच शहरात, त्याच राजाच्या आश्रयाने, कुमारजीव संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरं करत बसला होता. त्याचे वडील भारतातले. भीक मागणारा वारस त्याच्या मठावरून कधी गेला असेल का, असं मनात येतंच.)

एव्हाना दे पूर्वेला दक्षिण यानचा सम्राट झाला होता. त्याचा माणूस गुपचूप चांगआनला पोहोचला आणि ४०५ मध्ये चाओ नाव बदलून निसटला. आईला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. दोघी याओ शिंगच्या हातात मागे राहिल्या. पुढचं सगळं प्रकरण या एका वाक्याभोवती फिरतं.

यानच्या सरहद्दीवर मुरोंग फा नावाचा भाऊबंद सुभेदार होता. तोतये काय कमी झालेत, असं म्हणून त्याने चाओची नीट विचारपूसही केली नाही. सम्राटाने मात्र ३०० स्वार सामोरे पाठवले. सुरी पाहून म्हातारा ढसाढसा रडला. मुलं झांगयेला मारली गेलेली, दुसरा वारस नाही. चाओ युवराज झाला आणि त्याच वर्षी दे वारला. रात्री दहाहून जास्त शवपेट्या चारी वेशींतून बाहेर काढल्या, डोंगरात कुठेतरी पुरल्या. खरा देह कुठल्या पेटीत, कुणालाच कळू दिलं नाही. ज्या राज्याच्या संस्थापकाला स्वतःच्या कबरीची अशी धास्ती, त्या राज्याची पाळंमुळं किती खोल असतील?

वर्षभरात घर रिकामं

चाओला या राज्यात येऊन वर्षही झालं नव्हतं. दरबार, सेना, जमीन, सगळं काकाच्या जुन्या माणसांचं. त्याने जवळ केला तो गोंगसुन वूलोउ. जुने मातब्बर मुरोंग झोंग आणि दुआन होंग यांना राजधानीबाहेरच्या सुभ्यांवर धाडलं. मंत्री फंग फू याने विरोध केला, ऐकलं नाही. ४०६ मध्ये व्हायचं तेच झालं. झोंग, होंग आणि सरहद्दीवरचा तो फा यांनी कट केला, कट फुटला, सैन्य गेलं, माणसं कापली गेली. झोंग छिनला पळाला, फा आणि होंग उत्तरेच्या वेई राज्यात. लोकांत म्हण पडली: जहागीर हवी तर वूलोउची सेवा करा.

एकदा भर दरबारात चाओने फंग फूला विचारलं, जुन्या राजांपैकी माझी तुलना कुणाशी कराल? म्हाताऱ्याने सांगितलं, ज्ये आणि झोऊ यांच्याशी. चिनी परंपरेत दुष्ट राजा म्हटलं की हीच दोन नावं. चाओ संतापला. फंग फू सावकाश पावलं टाकत बाहेर पडला. कुणीतरी म्हणालं, परत जाऊन माफी मागा. तो म्हणाला, सत्तरीला आलोय, आता मरायला बरी जागा शोधतोय. चाओने त्याला हात लावला नाही, कारण नाव फार मोठं होतं. म्हणजे खरं बोलणाऱ्याला शिक्षा नाही, पण त्याचं ऐकायचंही नाही. हा प्रकार पुढे पुन्हा पुन्हा दिसतो, आणि मला वाटतं क्रौर्यापेक्षा तोच जास्त महागात पडला.

४०७ चा सौदा

आई आणि बायको अजून चांगआनला. चाओने मागणी केली तेव्हा याओ शिंगने अटी घातल्या: मांडलिकत्व पत्करा आणि दरबारी वादक आमच्याकडे पाठवा, नाहीतर दक्षिणेच्या जिन राज्यातली १,००० माणसं पकडून द्या.

हे वादक म्हणजे मेजवानीतली करमणूक नव्हे. जुन्या छिन दरबाराचा विधी-संगीताचा ताफा, फू ज्येनच्या पडझडीनंतर तो यानवाल्यांच्या हाती आला होता. आपल्याकडे छत्र-चामराला जो मान, तो तिकडे या संगीताला. सम्राटाने आकाशाला बळी द्यायचा, नववर्षाला दरबार भरवायचा, तो या सुरांवर. ते नसेल तर सम्राट म्हणवून घेणाऱ्याकडे लोक वेगळ्या नजरेने पाहणार.

दरबारात दोन मतं पडली. दुआन हुई म्हणाला, घरच्या माणसांसाठी राजाने मान खाली घालू नये, पिढ्यांचं संगीत देऊ नये, त्यापेक्षा जिनच्या मुलखातून माणसं उचला. झांग हुआ म्हणाला, शेजारी मुलूख लुटलात तर ते उलटून येतील. आपण जाऊ शकतो तर तेही येऊ शकतात, आणि मग युद्ध थांबणार नाही. आईसाठी नाव थोडं खाली आणलं तर काय बिघडलं?

चाओने झांग हुआचं ऐकलं. छिनचा वकील आल्यावर उत्तरेकडे तोंड करून, म्हणजे चाकराच्या जागी उभं राहून, फर्मान स्वीकारलं. झांग हुआच्या बरोबर १२० वादक चांगआनला गेले. तिथे मेजवानीत छिनच्या एका अधिकाऱ्याने टोमणा मारला: यिन घराणं बुडायला आलं तेव्हा त्यांचे वादक पुढच्या झोऊ घराण्याकडे आले होते, आज यानचं संगीत आमच्याकडे आलंय. झांग हुआ काही कमी नव्हता. घ्यायचं असेल तर आधी द्यावं लागतं, हे लाओत्सेचं वचन त्याने तोंडावर फेकलं. आई आणि बायको सुखरूप परतल्या.

मला हा चाओच्या कारकिर्दीतला सर्वांत शहाणा दिवस वाटतो. ज्या दोघींना न सांगता तो निघून आला होता, त्यांना सोडवलं, आणि लढाई न करता. झळ बसली ती फक्त मानाला.

नववर्षाचा दरबार, ४०९

दोन वर्षांनी नववर्षाचा दरबार भरला. वादन अपुरं, सूर तुटक. चाओला ते झोंबलं. त्याने ठरवलं, जिनच्या मुलखातून माणसं आणायची आणि त्यांना शिकवून ताफा पुरा करायचा. दरबारी हान झुओ म्हणाला, आधीच्या सम्राटांनी जुनी राजधानी गमावली, आपण माणसं जोडून संधीची वाट पाहायची, तर उलट दक्षिणेशी वैर ओढवून घेताय. चाओने उत्तर दिलं की माझं ठरलंय, यावर तुमच्याशी बोलायचं नाही.

म्हणजे ४०७ मध्ये जो इशारा ऐकून त्याने मान डोलावली होती, तोच इशारा पुन्हा समोर आला आणि या वेळी दार बंद. इशारा समजला नव्हता असं म्हणायला जागा नाही. आई परत मिळाल्यावर तिच्या बदल्यात दिलेली वस्तूही परत हवीशी वाटली, एवढंच.

थोड्याच दिवसांत घोडदळाने सुयू, म्हणजे आजच्या सुछ्येनजवळचं ठाणं घेतलं. लुटलेल्यांपैकी २,५०० बायका-पुरुष निवडून संगीत खात्याच्या हवाली केले. मोहिमेतला एक सरदार वूलोउचा भाऊ, तेव्हा त्या कुटुंबावर पदव्यांचा पाऊस पडला. लगेच दुसरा छापा, आणखी हजारभर माणसं. त्या २,५०० जणांत कुणी मासे पकडणारा असेल, कुणी भात लावणारी. त्यांना धरून आणून विधी-संगीत शिकवायला बसवलं. नोंदींत त्यांच्याबद्दल या आकड्यापलीकडे काही नाही.

आता जिनची सूत्रं कुणाच्या हातात होती ते पाहा. लिऊ यू गरिबीतून वर आलेला सेनापती. ४०४ मध्ये त्याने गादी बळकावणाऱ्या ह्वान श्वेनला उखडून काढलं होतं. त्याला मोठ्या विजयाची गरज होती आणि चाओने निमित्त आयतं दिलं. जिन दरबारात बहुतेकांचा मोहिमेला विरोध होता. तरी तो एप्रिल-मेमध्ये जिनच्या राजधानीहून, जिएनकांगहून, जलमार्गाने निघाला. श्यापी इथे जहाजं आणि जड सामान सोडून पायी पुढे सरकला. वाटेत जागोजाग गढ्या बांधून माणसं ठेवत गेला, मागची वाट तुटू नये म्हणून.

खिंड

दक्षिणेकडून ग्वांगगूला यायचं तर दाश्येनची डोंगरखिंड ओलांडावी लागे. आज तिला मूलिंग खिंड म्हणतात. लिऊ यूच्या माणसांना तिचीच भीती: शत्रूने खिंड अडवली किंवा पुढची शेतं जाळली, तर परत जायची पंचाईत. लिऊ यू म्हणाला, मी याचा विचार केलाय. हे लोक लोभी आहेत, दूरचं पाहत नाहीत. पुढे आले तर लुटीसाठी, मागे राहिले तर धान्य वाचवण्यासाठी. खिंडही अडवणार नाहीत आणि पीकही कापणार नाहीत.

इकडे ग्वांगगूला गोंगसुन वूलोउने योजना मांडली, आणि या प्रकरणातली गंमत अशी की ज्याला सगळे खुशमस्कऱ्या म्हणत, त्याचीच योजना सर्वांत उत्तम होती. एक: खिंड रोखा, शत्रूला आत घेऊ नका, दिवस काढा. मग २,००० निवडक स्वार समुद्रकिनाऱ्याने पाठवून त्यांची रसद तोडा, आणि दुआन हुईने डोंगराकडून येऊन बाजूने घाव घालावा. दोन: प्रत्येकाने आपापलं ठाणं धरावं, लागेल तेवढं धान्य ठेवून बाकी जाळावं, उभं पीक कापावं. तीन: खिंड सोडून शत्रूला आत येऊ द्यावं आणि मैदानात गाठावं. तिसरी म्हणजे सर्वांत वाईट, हे त्याने स्वतःच सांगितलं.

चाओने तिसरी निवडली. ग्रह आपल्या बाजूने आहेत, शत्रू दुरून दमून येतोय, पाच प्रांत आपल्या हातात, हजारो लोखंडी घोडेस्वार, शेतं गव्हाने भरलीत. ते कापून आपणच आपल्याला का दुबळं करायचं? मैदानात येऊ दे, घोड्यांखाली तुडवू.

तर्क अगदीच पोकळ नव्हता. श्येनपेई घोडदळ मैदानात जबर होतं, हे खरंच. म्हणूनच मुरोंग झेन नावाच्या नातलगाने मधला मार्ग सुचवला: घोडदळावर भरवसा आहे ना, मग खिंडीपलीकडे जाऊन लढू या. हरलो तर मागे खिंड आहेच. तेही नको झालं. झेन बाहेर येऊन म्हणाला, लढायला पुढे जात नाहीत, रान मोकळं करत नाहीत, यंदा राज्य बुडणार आणि मी मरणार. हे कानावर गेलं आणि झेनची रवानगी कोठडीत झाली.

गहू कापला नाही. खिंडीत माणूस ठेवला नाही. उलट दक्षिणेकडच्या ठाण्यांतली माणसं मागे बोलावली. लिऊ यू खिंड पार करून आला, समोर कुणी नाही हे पाहून त्याने आकाशाकडे हात उंचावला. आता माझ्या सैन्याला मागे हटायची सोय नाही म्हणून ते जीव तोडून लढेल, आणि शेतात धान्य आहे म्हणून उपासमार नाही, असं तो म्हणाला.

ज्या माणसाने वेड्याचं सोंग घेऊन याओ शिंगसारख्या राजाला चकवलं, तो लिऊ यूला उघड्या पुस्तकासारखा वाचता आला. माझा अंदाज असा की भिकारी असताना चाओपाशी गमावण्यासारखं काही नव्हतं, तेव्हा त्याची बुद्धी चालायची. गव्हाची शेतं मिळाल्यावर ती त्याच्याच्याने जाळवेनात.

लिनछूजवळ गाठ पडली. यानचे आधी ५०,०००, मग स्वतः चाओ ४०,००० घेऊन आला. लिऊ यूने ४,००० गाड्या दोन बगलांना लावल्या आणि घोडदळाला बगलेवर येणंच अशक्य केलं. दुपार उलटली तरी निकाल लागेना. मग लिऊ यूच्या हाताखालच्या हू फानने सुचवलं, यानचं सगळं सैन्य बाहेर आहे, लिनछू गावात थोडीच माणसं असतील. एक तुकडी आडवाटेने गेली, समुद्रमार्गे आलेली नवी फौज आहोत अशी आवई उठवली आणि गाव घेतलं. चाओ गावातच होता. एकटा घोड्यावरून दुआन हुईच्या छावणीकडे पळाला. लिऊ यूने त्याच क्षणी नगारे वाजवले. दुआन हुई आणि दहाहून जास्त सरदार पडले, राजमुद्रा आणि राजरथ जिनच्या हाती लागला.

वेढा

बाहेरचा कोट लगेच पडला. आतल्या कोटाभोवती लिऊ यूने भिंत आणि खंदकांचं तिहेरी कडं घातलं आणि खाण्याची सोय यानच्याच शेतांतून केली. चाओने मुरोंग झेनला कोठडीतून काढून माफी मागितली, सेनापती केलं. छिनकडे मदत मागायला झांग गांगला पाठवलं. तो परतताना पकडला गेला आणि लिऊ यूने त्याला उंच गाडीवर चढवून तटाभोवती फिरवलं: छिनचा पराभव झालाय, कुणी येणार नाही, असं ओरडायला लावून. हा झांग गांग वेढ्याची यंत्रं बनवण्यात तरबेज होता, आता ती यंत्रं तटाच्या दिशेने उभी राहू लागली. चाओने त्याच्या आईला तटावर टांगून तिचे तुकडे केले. स्वतःच्या आईसाठी राज्याचं संगीत देणारा हाच माणूस.

मग चाओने तह मागितला: दाश्येन ही सरहद्द मानू, मांडलिक होऊ, १,००० घोडे देऊ. जी खिंड उन्हाळ्यात फुकट सोडली होती, ती आता बोलीत होती. लिऊ यूने नकार दिला. याओ शिंगने 'एक लाख स्वार पाठवतो' अशी धमकी धाडली. लिऊ यूने उत्तर पाठवलं की यान घेतल्यावर तीन वर्षं विश्रांती घेऊन तुमच्याकडेच येणार होतो, आताच मरायचं असेल तर लवकर या. ज्याला खरंच मदत करायची असते तो आधी सांगत नाही, हे त्याने सहकाऱ्याला समजावलं. मदतीला निघालेलं छोटं सैन्य खरोखरच परत बोलावलं गेलं होतं, कारण श्या राज्याच्या हेल्येन बोबोने याओ शिंगला झोडपलं होतं.

४१० च्या नववर्षाला चाओने वेशीवर दरबार भरवला, घोडे कापून सैनिकांना खाऊ घातलं. आवडत्या राणीबरोबर तटावर चढला, खालचं सैन्य पाहून दोघं हातात हात घेऊन रडली. हान झुओने झापलं तेव्हा डोळे पुसले. शहरात निम्म्याहून जास्त लोकांच्या पायांतलं बळ गेलं होतं. शरण जा म्हणणाऱ्याला त्याने सांगितलं, तलवार हातात घेऊन मरेन, शरण जाऊन जगणार नाही. शेवटी मंत्री युए शौ याने आतून वेस उघडली. चाओ काही स्वारांनिशी बाहेर पडला आणि पकडला गेला.

लिऊ यूने शरण न आल्याबद्दल त्याला सुनावलं. चाओ शांत होता, काही बोलला नाही. फक्त लिऊ चिंगश्वेन नावाच्या जिन सरदाराकडे वळून आईला सांभाळ म्हणाला. या सरदाराने पूर्वी संकटात यानमध्ये, चाओच्या काकाकडे आसरा घेतला होता. लिऊ यू शहरातल्या सगळ्यांनाच मारायला निघाला होता, यानहून त्याच्याकडे आलेल्या हान फानने समजूत घातली तरी ३,००० मानकरी कापले, त्यांची १०,००० हून जास्त घरची माणसं गुलाम केली, तट पाडला. चाओला जिएनकांगला नेऊन मारलं. चिनी गणतीने वय २६.

या नोंदी घराणी बुडाल्यावर कितीतरी काळाने, तांग काळात एकत्र केल्या गेल्या, हे ध्यानात ठेवायला हवं. चाओने आकाशाला बळी दिला तेव्हा वेदीशेजारी घोड्याएवढा तांबडा उंदीर दिसला, अशीही नोंद त्यांत आहे. ती मी बाजूला ठेवतो. पण खिंडीवरच्या वादाची नोंद पटते, कारण तिच्यात बदनाम वूलोउच शहाणा ठरतो. रचलेल्या गोष्टीत लेखकाने त्याला असं श्रेय दिलं नसतं.

आणखी एक. लिऊ यू ग्वांगगूला अडकलाय हे पाहून दक्षिणेत ग्वांगचौला बसलेल्या बंडखोर लू शुनला त्याच्या मेहुण्याने उठवलं, आणि ज्या महिन्यात ग्वांगगू पडलं त्याच महिन्यात लू शुन उत्तरेकडे निघाला. दोन-तीन महिन्यांत त्याने जिनचे मोठे सेनापती हरवले आणि राजधानीच्या दारात येऊन ठेपला. लिऊ यूला मूठभर माणसांनिशी धावत परतावं लागलं. खिंड अडवून तो उन्हाळा काढला असता, किंवा गहू जाळून वेढा लांबवला असता, तर लिऊ यूला ग्वांगगू सोडून जावं लागलं असतं असं मला वाटतं. चाओला लू शुनबद्दल काही माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण दिवस काढण्याची योजना अशाच न दिसणाऱ्या गोष्टींच्या भरवशावर असते.

४१२ मध्ये भारतातून समुद्रमार्गे परतणारा यात्रेकरू फाश्येन वादळाने भरकटून याच छिंगचौ प्रांताच्या किनाऱ्याला लागला, तेव्हा तिथे दक्षिणेचा अंमल होता. लिऊ यूने ४१७ मध्ये याओ घराण्याचं छिनही संपवलं आणि ४२० मध्ये स्वतः सम्राट झाला. चाओने खिंड राखली असती तरी यान फार टिकलं असतं असं मानायला मी तयार नाही. घराण्यातली माणसं त्याने ४०६ मध्येच पळवून लावली होती आणि उत्तरेला वेई वाढत होतं. ४३९ पर्यंत वेईने उत्तरेतलं उरलेलं सगळं गिळलं.